विंचू

चपलेच्या दोन तळांमध्ये एक बी घालतात,
विंचू म्हणतात तिला.
पाऊल पडलं की करर् वाजते
आणि घालणारा मान ताठ करून चालतो.
दोन माणसांचा विंचू सारखा वाजत नाही.
हे मला नवव्या वर्षी कळलं,
मार्केट यार्डात, गुळाच्या रव्यांमागे.

बाबा तोलाईदार.
काटा खोटा धरणार नाही म्हणाले, एवढंच.
तिघं आली. बल्ब फुटला.
मग अंधारात तीन जोड :
एक बारीक, किरकिऱ्या पोरासारखा,
एक दबका, ओल धरलेला,
एक दर दुसऱ्या पावलाला अडखळणारा.
बाबांचा आवाज त्यात मधेच कुठंतरी संपला.
पहाटे मुंग्या गूळ सोडून
त्यांच्याकडं वळल्या. रांगेनं.

सुभाषनगरात दगडूमामानं हातात रापी दिली.
कातडं कापताना भ्यायचं नाही, म्हणाला,
भ्यालीस की कड वाकडी जाते.
वेणी घालायला शिकले, तेल मुरवायला शिकले,
गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून
भोवती पेन्सिल फिरवायला शिकले.
आणि दुकानासमोरून जाणारी
सगळी पावलं ऐकत बसले. सतरा वर्षं.

बारीक वाजणारा गंगावेशीत सापडला,
म्हशीजवळ पेला धरून उभा.
मागच्या बोळात मी त्याला गाठलं,
गळ्यातून आधी दूध आलं.
दबका रंकाळ्यावर भेटला, भेळेचा कागद हातात.
त्याला वेळ लागला. मला त्याहून जास्त.
घरी येऊन रापी दगडावर लावली
आणि सकाळी तिनंच कुणाच्या तरी
लग्नाच्या जोडाचे अंगठे कापले.

मधे एक सुपारी घेतली होती.
हात बसावा म्हणून.
इचलकरंजीचा कुणी माग चालवणारा, चाळीस हजार.
फोटो दिलेला, नाव मी विचारलं नाही.
तो दारात अनवाणी आला.
त्याचा आवाज माझ्याकडं नाही.

अडखळणारा आपल्या पायांनी दुकानात आला.
रंगराव. केस पिकलेले, डावा पाय आखूड.
मी त्याचा पाय मांडीवर घेऊन माप काढलं.
टाचेला भेग होती, तिच्यात माती.
म्हणाला, आवाज जरा मोठा ठेव पोरी,
हल्ली माझं मलाच ऐकू येईना झालंय.
एकेका चपलेत तीन तीन विंचू घातले.
राहूदे वरचे पैसे, म्हणाला.

फुलेवाडीत लाईट गेलेली.
तो येताना सबंध गल्लीला कळत होतं,
त्याला सोडून.
बरगडीखाली रापी गेली, कड वाकडी गेली नाही.
त्याला धरून ठेवलं आणि सतरा वर्षं
दाताखाली ठेवलेलं नाव सांगितलं :
केरबा.
काय?
केरबा खोत. गुळाचा काटा.
त्यानं रक्ताचा हात कानामागं नेला.
कोण म्हणालीस?
एसटीत शेजारच्यानं गाव विचारावं, तसं.
मी ओरडले. केरबा! केरबा!
खिडक्या उघडल्या, कुत्री उठली,
बॅटऱ्यांचे उजेड भिंतींवरून धावले.
तो तसाच गेला, हात कानाशी,
चेहऱ्यावर ऐकू न आल्याची भाबडी लाज.

पाय मात्र थोडा वेळ हलत होता.
करर्. करर्. मग नुसतंच क.

पायरीवर बसून मी त्याच्या चपलांची शिवण उसवली.
सहा बिया ओंजळीत काढल्या. हलक्या.
वरून कुणा बाईनं विचारलं, केरबा कोण गं?
म्हटलं, तोलाईदार होते,
रवा उचलताना आधी हात लुगड्याला,
माझ्या आईच्या, पुसायचे. आई रागवायची.
बाई आत गेली नाही. ऐकत राहिली.
मी सांगत राहिले.

लांबून जीप येत होती.
तिच्याही आधी कुणीतरी अनवाणी
माझ्या मागं येऊन उभं राहिलं असणार.
मला ऐकू आलं नाही.